कॉम्प्युटर हळू झालाय? आधी आत कोण कोण राहतंय ते बघा

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी चौथ्या मजल्यावरचे काका दारात उभे. "अगं, जरा वर येतेस का? कॉम्प्युटर चालू व्हायला दहा-दहा मिनिटं घेतोय. दुरुस्तीवाला म्हणतो व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारू, नाहीतर सरळ नवीन घ्या."

एका ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे मुलुंडच्या आमच्या इमारतीत असे निरोप मला नेहमीचे आहेत. वर गेले, बटण दाबलं. काकूंनी आधण ठेवलं, चहा उकळला, गाळला, कप हातात आला, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतंच होतं.

एकदाचा तो जागा झाला तेव्हा मी कीबोर्डवरची कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. असं केलं की टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्यात 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या नावाखाली एक यादी असते: विंडोज सुरू होताना कोणते प्रोग्रॅम आपसूक उठून कामाला लागतात त्यांची. काकांच्या यादीत एकोणीस नावं निघाली. दोन वेगवेगळे अँटिव्हायरस, त्यातल्या एकाची मुदत कधीच संपलेली. 'पीसी साफ करून देतो' म्हणणारे तीन प्रोग्रॅम. चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचा एक. आणि एक असा, ज्याच्या साहाय्याने लांब बसलेला माणूस हा कॉम्प्युटर आपल्यासमोर असल्यासारखा चालवू शकतो.

"काका, हे कुणी घातलं?"

काका जरा वेळ गप्प बसले. "मागच्या वर्षी तो फोन आला होता ना, बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री वीज तोडणार म्हणून. त्याने सांगितलं तसं करत गेलो. मग मुलगा ओरडला म्हणून फोन ठेवला. पैसे गेले नाहीत गं काही."

पैसे गेले नव्हते, कारण बँकेचं सगळं काम ते शाखेत जाऊन करतात. पण तो प्रोग्रॅम वर्षभर रोज सकाळी काकांच्या कॉम्प्युटरबरोबर उठत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

कॉम्प्युटर हळू होणं आणि कॉम्प्युटर असुरक्षित होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आपण धरून चालतो. घरोघरी बघून माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा दोन्हीचं मूळ एकच असतं: आपल्या कॉम्प्युटरवर काय काय चाललंय आणि ते कुणी आणून ठेवलंय, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मी गती आणि सुरक्षा दोन्ही एकत्रच समजावणार आहे.

ओटा आणि माळा

आपल्या मुंबईच्या स्वयंपाकघराचा विचार करा. ओटा छोटा असतो, माळा मोठा. रोजचा स्वयंपाक ओट्यावर होतो. वर्षाचे गहू, दिवाळीची भांडी, पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर जातात. कॉम्प्युटरमध्ये रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा ती माळ्यावरून ओट्यावर येते आणि तिथे तिच्यावर काम होतं.

आता ओटा चार फुटांचा आहे आणि त्यावर आधीच एकोणीस डबे मांडून ठेवलेत. पोळपाट ठेवायला जागा हवी म्हणून एक डबा माळ्यावर ठेवायचा, पाच मिनिटांनी तोच लागला की शिडी लावून परत काढायचा, त्यासाठी दुसरा वर चढवायचा. स्वयंपाक कमी आणि शिडीवरची चढउतारच जास्त. रॅम भरली की विंडोज अगदी हेच करतं. त्या वेळी हार्ड डिस्कचा दिवा एकसारखा लुकलुकत राहतो आणि माउस हलवला तरी बाण दोन सेकंदांनी हलतो. चार जीबी रॅम आणि ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे असं घरोघरी चालतं, आणि आजच्या वेबसाइटी तेवढ्या रॅमला झेपत नाहीत. आठ जीबी हा आता घरगुती वापराचा किमान ओटा समजा.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. स्टार्टअप अ‍ॅप्सच्या यादीत ज्याचं सुरुवातीपासून काही काम नाही त्यावर उजवी टिचकी मारा आणि 'डिसेबल' निवडा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त न सांगता उठायचा थांबतो. नाव ओळखीचं नसेल तर ते इंटरनेटवर शोधून बघा. नको असलेला प्रोग्रॅम सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून कायमचा काढून टाका.

दुसरं, 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' यांतला फरक. हा फारच थोड्या लोकांना माहीत आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तुम्ही शट डाउन करता तेव्हा विंडोज आपला गाभा पूर्ण मिटवत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. त्यामुळे रोज रात्री इमानाने बंद केलेल्या कॉम्प्युटरमध्येही आठवड्यापूर्वी अडकलेला एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, तसाच अडकलेला राहतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने उभं राहतं. काही विचित्र वागायला लागलं तर आधी रीस्टार्ट करा. मला आलेल्या फोनांपैकी कितीतरी या एका वाक्यावर मिटतात.

आता माळ्याकडे येऊ, कारण सात-आठ वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरांत खरी गोम तिथे असते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये धातूची किंवा काचेची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे मारते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून इकडून तिकडे सरकत माहिती वाचते. एक मोठा सिनेमा सलग वाचायचा असेल तर तिला फार अडचण येत नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात, आणि दांडी हलवून अशा विखुरलेल्या जागा तिला सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे गाठता येतात. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारा भागच नाही, सगळं चिपवर. ती सेकंदाला अशा हजारो जागा सहज वाचते. काकांच्या कॉम्प्युटरला दहा मिनिटं लागत होती त्यातला मोठा वाटा या दांडीच्या धावपळीचा होता, आणि एकोणीस प्रोग्रॅम एकाच वेळी तिला हाका मारत होते.

त्यामुळे जुना कॉम्प्युटर फेकण्याआधी एसएसडी बसवून बघा. नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात इतका मोठा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हे भाग मिळण्याची मुंबईतली जुनी पेठ आहे. कुठूनही घ्या, पण पक्कं बिल आणि कंपनीची वॉरंटी घ्या. अविश्वसनीय स्वस्तात 'दोन टीबी'चा पेन ड्राइव्ह कुणी देत असेल तर हात लावू नका. काही बनावट ड्राइव्ह पडद्यावर मोठा आकडा दाखवतात आणि आत जागा असते त्याच्या तुकड्याएवढी. ती भरली की पुढच्या फाइली गुपचूप खराब होतात.

मुंबईच्या हवेचाही वाटा आहे. इथला दमटपणा आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरतो. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग स्वतःच कमी करतो. बाहेरून आपल्याला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला तर खालच्या झरोक्यांतून हवा जात नाही आणि हाच प्रकार लवकर होतो. टणक पाटावर ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा पंखा साफ करून घ्या.

'साफ करून देणारे' आणि 'फुकट मिळणारे'

काकांकडे तीन क्लीनर होते असं मी म्हणाले ना? त्यांतला एकही लागत नव्हता. तात्पुरत्या फाइली काढायची सोय विंडोजमध्येच आहे, सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' या पानावर. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची अंतर्गत नोंदवही, साफ करून वेग वाढतो या दाव्याला काही आधार नाही. उलट एखादी कामाची नोंद गेली तर चालू प्रोग्रॅम बंद पडतो. शिवाय असे प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये अगदी आतपर्यंत हात घालतात, तेव्हा त्यांच्यातच बिघाड झाला तर? २०१७ साली तसं घडलंही. सीक्लीनर हा जगभर वापरला जाणारा क्लीनर; हल्लेखोरांनी तो बनवणाऱ्यांच्याच यंत्रणेत शिरकाव केला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जवळपास महिनाभर त्याची अधिकृत आवृत्तीच आत दडवलेल्या घातक कोडसह वाटली गेली. वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरांपर्यंत ती पोचली. जितके प्रोग्रॅम कमी, तितकी घरात शिरायची दारं कमी.

अँटिव्हायरसचंही तसंच. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, फुकट असतो आणि घरगुती वापराला पुरतो. पुण्याच्या कैलाश आणि संजय काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून क्विक हील उभं केलं, तेव्हा फ्लॉपीतून पसरणाऱ्या व्हायरसवर वेगळा अँटिव्हायरस घेण्याला पर्यायच नव्हता. आज विकतचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण एकच. दोघे एकत्र ठेवले तर प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तपासायला धावतात आणि एकमेकांवरच संशय घेतात.

आता या लेखातला मला सगळ्यात कळकळीने सांगायचा भाग. आपल्याकडे दुरुस्तीवाला फॉरमॅट मारतो तेव्हा बरोबर ऑफिस, फोटोशॉप, कधी विंडोजसुद्धा 'टाकून देतो'. लायसन्सचं विचारलं तर सांगतो, अ‍ॅक्टिव्हेटर चालवलाय, काळजी नको. मुलं गेमची क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली, आवृत्ती उतरवतात. अशा फाइलीबरोबर जवळजवळ नेहमी एक सूचना असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. एखादा अनोळखी माणूस घरी आला आणि म्हणाला, वॉचमनला तासभर बाहेर पाठवा, मग मी माझं काम करतो, तर आपण दार उघडू का?

या फाइलींमधून हल्ली जे येतं ते जुन्या व्हायरससारखं पडदा काळा करत नाही किंवा फाइली पुसत नाही. ते शांतपणे काही मिनिटांत चोरी करतं आणि बहुतेकदा मागमूसही ठेवत नाही. चोरतं काय? ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि कुकी.

कुकी समजून घ्या. मंदिराबाहेर चपला ठेवतो तेव्हा स्टँडवाला एक बिल्ला देतो. परत आलं की तो आपला चेहरा बघत नाही, बिल्ला बघतो. ईमेलमध्ये आपण पासवर्ड टाकतो, ओटीपी टाकतो, की ती वेबसाइट ब्राउझरच्या हातात असाच एक बिल्ला देते, म्हणजे प्रत्येक पान उघडताना पुन्हा पासवर्ड विचारायला नको. हा बिल्ला म्हणजे कुकी. चोराने ती उचलून आपल्या ब्राउझरमध्ये ठेवली तर अनेक वेबसाइटींना तोच आपण वाटतो. पासवर्ड विचारला जात नाही, ओटीपी येत नाही. "मी ओटीपी कुणालाच दिला नाही, तरी माझं खातं कसं गेलं?" असं रडवेलं होऊन विचारणारे लोक मला भेटलेत, आणि प्रत्येक वेळी चौकशीत काही दिवसांपूर्वी उतरवलेली एखादी क्रॅक फाइल निघाली.

ऑफिस विकत घेणं परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे, त्यात मराठी नीट टाइप होतं, वर्डच्या फाइली उघडतात. फोटोंसाठी गिम्प आहे. घरातल्या नातवंडांसाठी विंडोजमध्ये वेगळं 'स्टँडर्ड' प्रकारचं खातं काढून द्या. अशा खात्यातून मोठ्यांचा पासवर्ड दिल्याशिवाय बहुतेक प्रोग्रॅम संपूर्ण कॉम्प्युटरवर बसवता येत नाहीत.

अपडेट नको म्हणणाऱ्यांसाठी

"अपडेट आलं की नेट खातं, म्हणून मी बंदच करून टाकलंय." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की २०१७ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोजमधल्या एका त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच त्रुटीतून वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, पण तो मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेतून आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला आणि तिथलं कंटेनरचं कामकाज विस्कळीत झालं. युक्रेनमधल्या फाइलीमुळे उरणजवळ ट्रक अडकले. पसरण्यासाठी त्यानेही मार्चमध्येच दुरुस्त झालेली तीच त्रुटी वापरली होती.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ज्यांची यंत्रं विंडोज ११ ला चालतात त्यांनी ते घ्यावं. चालत नसतील, आणि सुरक्षेसाठीची टीपीएम २.० चिप नसलेल्या किंवा जुना प्रोसेसर असलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरांचं तसं होतं, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या अपडेटची मुदतवाढ ठेवली आहे; ती सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी केल्यावर मिळते. त्यानंतर त्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली घालता येते. फक्त ईमेल, युट्यूब आणि पत्र टाइप करणाऱ्या घरात ती छान चालते, हे मी माझ्या आईच्या लॅपटॉपवर करून पाहिलं आहे.

फोन, पडदा आणि घाई

काकांकडे आलेला फोन अगदी ठरलेल्या साच्याचा होता. वीज तोडणार, केवायसी संपली, पार्सलमध्ये काही सापडलं, किंवा पडद्यावर अचानक लाल पान येतं, भोंगा वाजतो आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं दिसतं. कारण काहीही असो, मागणी एकच: आत्ताच्या आत्ता करा. आणि मग एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम उतरवायला सांगतात. हा प्रोग्रॅम स्वतः वाईट नाही, आमच्या ऑफिसात अशीच साधनं रोज वापरतात. पण त्यात दिसणारा नंबर समोरच्याला सांगून 'परवानगी द्या' दाबलं की आपला पडदा, माउस, कीबोर्ड त्याच्या ताब्यात जातो. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

लाल पान आलं तर घाबरू नका. ते फक्त एक वेबपान असतं, ब्राउझरने पडदाभर पसरवलेलं. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ ४ दाबा. तरी हललं नाही तर कॉम्प्युटरचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. पुन्हा उघडताना ब्राउझर 'जुनी पानं परत आणू का' विचारेल, तिथे नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कोपऱ्यात सारखे 'व्हायरस सापडला' असे चौकोन येत असतील तर बहुतेक वेळा कुठल्यातरी वेबसाइटवर 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन अनोळखी नावं काढून टाका, चौकोन थांबतील.

फाइलींच्या बाबतीत एक छोटी युक्ती. विंडोज नेहमीच्या फाइलींच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल आपल्याला 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'शो' आणि तिथे 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' वर खूण करा. बिल किंवा पत्रिका म्हणून आलेल्या फाइलीचं शेपूट ईएक्सई असेल, किंवा फोनवर एपीके असेल, तर तो कागद नसून प्रोग्रॅम आहे; ती उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचं व्हॉट्सअ‍ॅप दुसराच कुणी चालवत असू शकतो.

झेरॉक्सच्या दुकानात

स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे आपण आधारची प्रत काढायला जातो. "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा," तो म्हणतो, किंवा आपणच त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतो आणि गाडी पकडायच्या गडबडीत तसंच सोडून जातो. घरी आल्यावर फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा आणि जे आपलं नाही ते लॉग आउट करा. पूर्ण नंबराची गरज नसेल तिथे आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या वेबसाइटवरून 'मास्क्ड' आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पेन ड्राइव्ह नेला असेल तर घरी लावल्यावर आधी डिफेंडरने तपासा. सगळी फोल्डर अचानक शॉर्टकट झालेली दिसली तर एकावरही टिचकी मारू नका.

पासवर्डबद्दल थोडंच, पण नेमकं. इंग्रजी छोट्या २६ अक्षरांतून आठ अक्षरांचे सुमारे २०,८८२ कोटी पासवर्ड होतात. आकडा प्रचंड वाटतो, पण चोरीला गेलेली पासवर्डांची यादी ढिसाळपणे साठवलेली असेल तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी प्रयत्न करतं आणि काही मिनिटांत हे सगळे संपवतं. आठाची सोळा अक्षरं केली तर संख्या दुप्पट होत नाही, तिला पुन्हा २०,८८२ कोटींनी गुणावं लागतं. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडा, लक्षातही राहतात. वारंवार पासवर्ड बदलायची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, हे अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणन संस्थेनेही २०१७ पासून सांगितलं आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड. एखाद्या खरेदीच्या वेबसाइटवरून तो फुटला की चोर तीच जोडी ईमेलवर लावून बघतो. आपला ईमेल अशा गळतीत सापडला आहे का हे ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या वेबसाइटवर फुकट बघता येतं. ती २०१३ पासून चालू आहे. ईमेलचा पासवर्ड तर पूर्ण वेगळाच ठेवा आणि त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण बाकी बहुतेक खात्यांचे 'पासवर्ड विसरलो' तिथेच येतात. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलपात सांभाळणारा प्रोग्रॅम, वापरा. काकूंना तो जमेना, तेव्हा मी त्यांना सरळ वही करायला सांगितलं. परदेशात बसलेल्या चोराला काकूंचं कपाट उघडता येत नाही.

वायफाय मधूनमधून तुटतं त्याचं कारण अनेकदा शेजार असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल आहेत, १, ६ आणि ११, आणि आमच्या एका मजल्यावरच चार राउटर. ५ गिगाहर्ट्झ वापरा. भिंतीपलीकडे ते कमी पोचतं, म्हणून राउटर टीव्हीच्या कपाटातून काढून उघड्यावर, उंचावर ठेवा. आणि केबलवाल्याने बसवून दिलेला राउटरचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड त्याच दिवशी बदला.

घडून गेलंच तर

लाजेपायी वेळ घालवू नका. आधी वायफाय बंद करा किंवा वायर उपटा, म्हणजे समोरच्याचा हात सुटेल. मग बँकेला तिच्या कार्डामागच्या नंबरवर फोन, आणि लगेच १९३०. ही केंद्रीय गृहमंत्रालयाची आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यांत थांबवता येण्याची शक्यता असते. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, आणि बदलताना 'सगळीकडून लॉग आउट' हा पर्याय निवडा, म्हणजे चोरीला गेलेले बिल्लेही रद्द होतात.

काकांच्या कॉम्प्युटरवर आम्ही शेवटी फॉरमॅटच मारला. मला हळू चालण्याची फिकीर नव्हती. वर्षभर परक्याचा प्रोग्रॅम बसलेल्या यंत्रावर विश्वास ठेवायला मन धजेना. नवी एसएसडी घातली, विंडोज नव्याने बसवलं, आणि आता तो काकूंचं आधण ठेवून होईपर्यंत सुरू झालेला असतो.

पण त्याआधी फोटो काढून घ्यायचे होते. काकूंचा त्यासाठी आग्रह होता, आणि मला तो फार कळत होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिन्याला तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या मामांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. माणसं वाचली. लग्नाचे, बारशाचे, आजीचे अल्बम लगदा झाले. आजीचा आता एकही फोटो आमच्याकडे उरलेला नाही. फाइलींना तो धोका पुराचा असतो तसाच खंडणीच्या व्हायरसचा, चोरीचा आणि अचानक मेलेल्या डिस्कचाही असतो. जाणकार लोक सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेली डिस्क यात धरू नका, कारण व्हायरस तिच्याही फाइली कुलूपबंद करतो.

काकांची काढलेली जुनी हार्ड डिस्क भंगारवाल्याला द्यायची नव्हतीच. फाइल 'डिलीट' केल्याने फक्त तिची नोंद जाते, मजकूर बराच काळ तसाच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. पुसून, तपासून मी ती यूएसबीच्या डबीत बसवली. वय झालेली डिस्क आहे, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवली नाही: फोटोंची एक प्रत कॉम्प्युटरवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि एक या डिस्कवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका ती जोडतात, नवे फोटो चढवतात, काढतात. मग काकू ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाऊस असला तर दोन पिशव्यांत गुंडाळून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात पासवर्डच्या वहीशेजारी ठेवतात.